आधी माप, मग भोक: गाडीला कोल्ड एअर स्कूप बसवण्याचा क्रम

बहुतेक जण स्कूप, म्हणजे बाहेरची थंड हवा इंजिनाकडे वळवणारं तोंड, काखेत मारूनच गॅरेजात येतात. तो ऑनलाइन मागवलेला असतो, दिसायला झकास असतो आणि मालकाला एकच घाई असते: ‘कुठे कापायचं तेवढं सांगा.’ मग बॉनेटला भोक पडतं, स्कूप बसतो, आणि खाली उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) एअर फिल्टर इंजिनाच्या धगीत उकडत राहतो. बाहेरची हवा आत आली खरी, पण ती फिल्टरपर्यंत पोचते का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

म्हणून इथला क्रम उलटा आहे. काम फिल्टरपाशी सुरू करायचं आणि बाहेरच्या तोंडाशी संपवायचं. स्कूप सगळ्यात शेवटी. उदाहरणांसाठी दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत: टर्बो नसलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक आणि टर्बोवाली पोलो जीटी टीएसआय. तुमची गाडी वेगळी असली तरी क्रम बदलत नाही.

## सुरुवातीलाच थोडं गणित

स्कूपमुळे वेगात हवा ‘ठासून’ भरली जाते, हा सगळ्यात मोठा गैरसमज. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब जास्तीत जास्त ४६० पास्कलच्या आसपास भरतो. वातावरणाचा दाब साधारण १,००,००० पास्कल. म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तीही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर. समृद्धीवर कायद्याने चालेल त्या १२० च्या वेगालाही ती पाऊण टक्क्यापर्यंत जात नाही.

खरा फायदा थंडाव्याचा. बॉनेटखालची ५५ अंशांची हवा ओढणारं इंजिन बाहेरची ४० अंशांची हवा घेऊ लागलं, तर हवेची घनता सुमारे ५ टक्के वाढते. ताकद नेमकी तेवढीच वाढते असं नाही, पण मिळवायचं आहे ते इथेच. टर्बो गाडीत हा फायदा आणखी पातळ होतो. ३० अंशांची हवा टर्बोने १.८ पट दाबली की ती सहज १०० अंशांच्या वर जाते, आणि तिला थंड करायचं काम मुख्यतः इंटरकूलरचं असतं. पोलोवाल्यांनी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

आणखी एक. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचा स्कूप बघून पुष्कळ जण तसाच लावायला निघतात. त्या गाडीत तो स्कूप फिल्टरला हवा देतच नाही, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरवर हवा सोडतो. तुमचा इंटरकूलर बंपरमागे असेल तर त्या नकलेला काही अर्थ नाही.

## १. काही न कापता आधी मोजणी

या पायरीवर एक रविवार घालवलात तर पुढचे बरेच पैसे वाचतील. लागणारं सामान किरकोळ: ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा), फ्रिजसाठी मिळतो तसा वायरवाला डिजिटल थर्मामीटर, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, सुमारे तीन मीटर.

तापमान. स्कॅनरवर इनटेक एअर टेंपरेचर बघा. मात्र आधी आपल्या गाडीत हा सेन्सर कुठे आहे ते शोधा. टीएसआयसारख्या इंजिनात तो इंटरकूलरनंतर, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डपाशी असतो. तो फिल्टरपाशी काय चाललंय ते सांगत नाही. अशा वेळी थर्मामीटरची वायर एअरबॉक्समध्ये (फिल्टर बसतो त्या पेटीत), फिल्टरच्या अलीकडच्या म्हणजे धूळ साचते त्या बाजूला सोडा. तीन नोंदी घ्या: सकाळी गाडी थंड असताना, ताशी ५०–६० वेगाने दहा मिनिटं चालवल्यावर, आणि दहा मिनिटं सिग्नलच्या गर्दीत अडकून बाहेर पडल्यावर. दर वेळी बाहेरचं तापमानही लिहा. आपल्याला हवा आहे तो दोन्हीतला फरक.

> इशारा: थर्मामीटरचा सेन्सर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला कधीही सोडू नका. टेप सुटली तर तो थेट टर्बोत किंवा थ्रॉटलमध्ये जाईल.

अडथळा. नळी फळीवर यू आकारात चिकटवा, मागे मापपट्टी लावा, नळीत अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक एअरबॉक्समध्ये, दुसरं केबिनमध्ये उघडं. शेजारी बसलेल्याने वाचायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन वरच्या आरपीएमला पाणी किती मिलिमीटर सरकतं ते टिपा. दर वेळी खिडक्या बंद आणि ब्लोअर बंद, नाहीतर केबिनचा दाबच बदलत राहील. ढोबळ हिशेब असा की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १०० मिलिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा १ टक्का.

हे माप दोनदा घ्या, एकदा फिल्टरच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे. अलीकडे फरक अगदी थोडा आणि पलीकडे एकदम मोठा आला, तर अडथळा फिल्टरचा आहे. नवा फिल्टर टाका, काम संपलं. अलीकडेच मोठा फरक दिसला तर कंपनीचं हवा घ्यायचं नळकांडं अरुंद आहे, आणि तिथे स्कूप व डक्ट (हवा नेणारा पाइप) बदलून काहीतरी हाती लागेल. दोन्हीकडे फरक किरकोळ आणि तापमानही बाहेरच्यापेक्षा जेमतेम ४–५ अंश जास्त, असं निघालं तर इथेच थांबा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच ग्रिलमागून हवा घेतलेली असते. त्यांच्यावर लावलेला स्कूप म्हणजे दागिना.

> इशारा: पाण्याची नळी थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला लावू नका. तिथला व्हॅक्यूम सगळं पाणी इंजिनात ओढेल. एअरबॉक्सला लावतानाही पाण्याच्या वर किमान पाऊण मीटर रिकामी नळी उभी ठेवा.

स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमही (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा) आत्ताच लिहून ठेवा. शेवटी हाच आकडा कामाला येणार आहे.

## २. हवा कुठून घ्यायची

जागा तीनच.

ग्रिलच्या मागे, कंपनीच्या नळकांड्याच्या तोंडाशी. माझं मत विचाराल तर दहापैकी नऊ गाड्यांना हीच जागा. काहीही कापावं लागत नाही, तोंड पाण्यापासून उंच राहतं, सगळं परत काढता येतं. बीएमडब्ल्यू ३ सीरिजच्या किडनी ग्रिलमागे बसणारे छोटे स्कूप याच जातीचे.

बंपरच्या खालच्या जाळीत किंवा फॉग लॅम्पच्या जागी. हवा इथे थंडगार मिळते, पण धूळ, खडी आणि साचलेलं पाणीही मिळतं. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला ठीक.

बॉनेटवर. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. बॉनेटचा पुढचा आणि मधला भाग बऱ्याच गाड्यांत कमी दाबाचा असतो. तिथे पाडलेल्या भोकातून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर ओढली जाऊ शकते. दाब वाढतो तो विंडशील्डच्या पायथ्याशी. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीच्या गाड्या हवा तिथूनच घ्यायच्या, ते उगाच नाही. पसरट त्रिकोणी नाका (NACA) डक्ट लावणार असाल तर तो फक्त पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेतच काम करतो; वळणाच्या मागे किंवा उंचवट्याच्या आड तो मेलेला असतो.

तपासणी: लोकरीचे ५–६ सेंटिमीटरचे तुकडे कापून ठरवलेल्या जागेभोवती ओळीने चिकटवा. दुसऱ्या गाडीतून मित्राला व्हिडिओ घ्यायला सांगा. धागे सरळ मागे पडून शांत राहिले तर हवा चिकटून वाहते आहे. उलटसुलट फडफडले तर ती जागा सोडा. त्यानंतर पाण्याच्या नळीचं टोक नेमकं त्या जागी टेपने लावून दाब बघा. १०० च्या वेगाला पाण्याच्या पातळीत जास्तीत जास्त ४७ मिलिमीटरचा फरक दिसेल. २५–३० दिसला तरी जागा चांगली. पाणी उलट दिशेने सरकलं तर तिथे भोक पाडणं म्हणजे स्वतःच्या खर्चाने गरम हवेला खिडकी करून देणं.

कायद्याची बाजू, थोडक्यात पण नीट वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पक्की केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बॉनेट कापण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मंडळींनी किटवर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक आहे का ते बघूनच पैसे द्यावेत.

## ३. तोंड किती मोठं, आणि कशाचं

इथे साधा हिशेब पुरतो. इंजिनाचे लिटर गुणिले आरपीएम भागिले दोन: एवढे लिटर हवा मिनिटाला लागते. सिटी व्हीटेकचं १.५ लिटर इंजिन ६,५०० आरपीएमला मिनिटाला सुमारे ४,९०० लिटर, म्हणजे सेकंदाला ८० लिटरच्या आसपास ओढेल. प्रत्यक्षात थोडं कमीच. ताशी १०० वेगाला एवढी हवा २६ ते २९ चौरस सेंटिमीटरच्या भोकातून आपसूक आत येते. म्हणजे काडेपेटीपेक्षा फार मोठी जागा लागत नाही! टर्बो असेल तर येणारा आकडा बूस्टप्रमाणे, म्हणजे टर्बोच्या जादा दाबाप्रमाणे, वाढवा. १ बार बूस्टला ढोबळमानाने दुप्पट.

मी तोंड डक्टच्या दीडपट ते दुप्पट ठेवतो, कारण कमी वेगात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर हवा ओढूनच घ्यावी लागते. त्याहून मोठं तोंड फक्त पाला आणि किडे गोळा करतं. डक्ट मात्र कुठेही कंपनीच्या नळकांड्यापेक्षा अरुंद होऊ देऊ नका.

थ्रीडी प्रिंट केलेले स्कूप हल्ली स्वस्तात मिळतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पीएलए की एएसए? पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपूरच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी केली तरी ते वाकडं होईल, इंजिनाजवळची तर गोष्टच सोडा. एएसए किंवा एबीएस १०० अंशांच्या जवळपास तग धरतात. फायबरग्लासचा घेतलात तर आतल्या कडा बोटाने चाचपा. सुटे धागे दिसले तर पॉलिश पेपरने घासून रेझिनचा हात द्या.

## ४. खोलण्याची तयारी

इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची ऋण तार सुटी. सगळे स्क्रू-क्लिप एकाच डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर बंपरचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. बंपरच्या प्लॅस्टिक क्लिपा दोन-चार तुटणारच, त्या आधीच आणून ठेवा.

एअरबॉक्स काढल्यावर थ्रॉटलचं किंवा टर्बोचं उघडं तोंड टेप आणि प्लॅस्टिकने बंद करा. चिंधी कोंबू नका. चिंधी विसरते, आणि विसरलेली चिंधी टर्बो गिळतो.

नव्या गाड्यांत ग्रिलमागे किंवा लोगोमागे रडार असतो. त्याच्यासमोर कार्बन फायबरचा तुकडा आला की तो आंधळा होतो. तुमच्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी किंवा पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी सोय असेल तर रडार आधी शोधा, मगच जागा आखा.

## ५. फिल्टरची खोली बंद करणं

सगळं काम या पायरीवर ठरतं. स्कूप कितीही भारी असो, फिल्टरच्या खोलीला इंजिनाच्या बाजूने फट असेल तर इंजिन गरम हवाच घेणार, कारण तीच जवळ आहे.

पहिली पसंती कंपनीच्या बंद एअरबॉक्सला. त्यात चांगला फिल्टर टाका, तोंडाशी डक्ट जोडा. हे दिसायला अगदी साधं असतं, म्हणून लोकांना पटत नाही. कोन फिल्टर लावायचाच असेल तर त्याभोवती पत्र्याची किंवा जाड एबीएसची पेटी हवी. तिन्ही बाजूंना भिंती, खाली तळ, आणि वर बॉनेटला घट्ट टेकणारी रबरी पट्टी.

आधी पुठ्ठ्याचा साचा करा. दोन-तीन पुठ्ठे वाया गेले तरी चालतील, पत्रा एकदाच कापायचा.

भिंतींची उंची कशी ठरवायची? कणकेचे लहान गोळे करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, साच्याच्या वरच्या कडेवर चार-पाच ठिकाणी ठेवा आणि बॉनेट हलकेच बंद करा. उघडून दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. तीच तुमची फट. रबरी पट्टी त्यापेक्षा ४–५ मिलिमीटर जास्त उंच घ्या म्हणजे ती दबून बसेल. फार उंच घेतलीत तर बॉनेट फुगेल आणि लॅच नीट लागणार नाही, जे धोक्याचं आहे.

फिल्टर भिंतीपासून सगळीकडून किमान दोन बोटं सुटा हवा. इंजिन झटका घेतं तेव्हा चार-सहा मिलिमीटर हलतं. पेटी चेसिसला आणि पाइप इंजिनाला बांधला असेल तर मध्ये सिलिकॉनचा लवचिक जोड ठेवावाच लागतो. नाहीतर पेटी तडकते.

तपासणी: रात्री पेटीत टॉर्च लावून ठेवा, वर ब्लँकेट टाका आणि इंजिनाच्या बाजूने बघा. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा शिरेल. हे बघितल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

## ६. डक्ट आणि पाण्याची वाट

डक्टला वळणं जितकी कमी तितकं बरं, दोनपेक्षा जास्त नकोतच. आतून गुळगुळीत पाइप घ्या. गटाराच्या कामाचा नालीदार पाइप हवेला फार अडवतो. रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब न्या, जमत नसेल तर उष्णतारोधक चंदेरी टेप गुंडाळा.

आता पाणी. मुंबई-पुण्यात गाडी चालवणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

१.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३०० घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशन १०.५ धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा ३१–३२ मिलिलिटर. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन त्याला दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्याच एका गाडीचा असा गेला. फॉग लॅम्पच्या जागी तोंड काढलं होतं, जुलैचा पाऊस, रेल्वेच्या पुलाखाली घोट्यापेक्षा थोडं जास्त पाणी. समोरून आलेल्या टेंपोची लाट पुरली. खर्चाचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

म्हणून:

- फिल्टर नेहमी स्कूपच्या तोंडापेक्षा वर.
- डक्टच्या सगळ्यात खालच्या जागी ८–१० मिलिमीटरचं भोक, पाणी गळून जायला. हे भोक फिल्टरच्या अलीकडेच असतं. पलीकडे एकही भोक चालत नाही.
- सरळ समोरून येणारं पाणी थेट फिल्टरवर आदळू नये यासाठी वाटेत एक तरी चढाचं वळण किंवा आडवी पट्टी.

तपासणी: पेटीत फिल्टरखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरा, इंजिन बंद ठेवा, बागेच्या पाइपने स्कूपच्या तोंडावर पाच मिनिटं पाणी मारा. पाणी खालच्या भोकातून गळायला हवं आणि कागद कोरडा निघायला हवा. ओला निघाला तर अजून काम बाकी आहे.

> इशारा: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. ढकलून बाजूला घ्या, टो करून न्या, प्लग काढून सिलिंडर तपासून घ्या. नुसत्या साध्या सर्वंकष पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर आहे का ते मे महिन्यातच बघून ठेवा.

तोंड खालच्या बाजूला असेल तर जून ते सप्टेंबर कंपनीचं नळकांडं परत लावावं, असं माझं स्पष्ट मत. डक्ट दोन क्लॅम्प सोडवून निघेल अशीच बांधा.

## ७. पाइप, सेन्सर आणि क्लॅम्प

फिल्टरनंतरचा भाग म्हणजे स्वच्छ बाजू. इथे केलेली चूक इंजिनाला लागते.

आधी गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे की दाब मोजणारा मॅप, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. मॅपवाल्या गाडीत, जुनी सिटी त्यातलीच, पाइपच्या व्यासाबद्दल थोडी मोकळीक असते. एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत तो ज्या नळीत बसतो तिचा आतला व्यास बदलू नका. ७० मिलिमीटरच्या जागी ७७ आलं, तर व्यास १० टक्केच वाढतो, पण क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. सेन्सरला हवा कमी वाटते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो, इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतं. सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने आणि त्याच्या अलीकडे जमेल तितका सरळ पाइप. कंपनीने जाळी दिली असेल तर ती काढू नका. ती हवेचा गोंधळ मोडण्यासाठी असते.

तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल हात राखून. जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. तार साफ करायची ती फक्त त्यासाठीच्या स्प्रेने. कापूस, ब्रश, कार्ब क्लीनर काही नको.

पाइप कापून घेतला असेल तर आतून धुवा, वाळवा, पांढरं फडकं ओढून बघा. ग्राइंडरचा अ‍ॅल्युमिनियमचा कीस पाइपात राहिला तर पहिल्याच स्टार्टला टर्बोच्या पात्यांवर जातो.

होज पाइपवर किमान २५ मिलिमीटर चढलेली हवी. क्लॅम्प होजच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत. घट्ट म्हणजे होज हाताने फिरू नये इतकंच. सिलिकॉन कापलं जाईपर्यंत आवळणारे बरेच भेटतात. ब्रीदर होज (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी), व्हॅक्यूमच्या लहान नळ्या सगळ्या जागच्या जागी परत लावल्यात ना, हे खोलण्याआधी काढलेल्या फोटोशी पडताळा. ब्रीदर मोकळा सोडून त्याला छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. करू नका. तेलाचा वास केबिनमध्ये येतो, पीयूसीच्या वेळी अडचण येते, आणि एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरते.

## ८. आता स्कूप

इथवर सगळं जमलं असेल तर हे काम तासाभराचं. रेडिएटर किंवा एसी कंडेन्सरच्या तोंडावर स्कूप येणार नाही असं बघा; थोडी थंड हवा मिळवायच्या नादात उन्हाळ्यात एसी मेला तर घरचे लोक स्कूप उपटून टाकतील. तोंडाला ५–६ मिलिमीटरची जाळी लावा. बारीक मच्छरदाणी नको, ती दोन दिवसांत तुंबते.

पत्र्याला भोक पाडलं तर कडा कानशीने घासा, लगेच प्रायमर, मग रंग. कोकणात हे टाळलंत तर पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज दिसेल. नट नायलॉनच्या कड्यावालेच वापरा. नुसत्या दुहेरी टेपवर स्कूप लटकवू नका. बॉनेटचाच स्कूप असेल तर खालच्या आधारपट्ट्या कापू नका. अपघातात बॉनेट कसं दुमडावं हे त्या पट्ट्याच ठरवतात.

## ९. चाचणी

बॅटरी जोडा, पाच मिनिटं आयडल, शिट्टीसारखा आवाज येतो का ऐका. गळती शोधायला गरम इंजिनावर ब्रेक क्लीनर फवारायची युक्ती व्हिडिओंत दिसते. तो पेट घेतो, तिच्या नादी लागू नका.

मग पहिल्या पायरीच्या नोंदी काढा. तोच रस्ता, तीच वेळ, शक्यतो तेवढंच बाहेरचं तापमान. जागाही तीच. दर १०० मीटर चढाला हवेचा दाब साधारण एक टक्का उतरतो. पुणे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर १,३०० मीटरच्याही वर. घाटात ‘गाडी आता मस्त ओढते’ किंवा ‘ओढत नाही’ हे सांगण्यात दम नाही, कारण स्कूपच्या फायद्याहून उंचीचा फरक कितीतरी मोठा आहे.

१००–१५० किलोमीटर चालवल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. आधीपेक्षा दोन-चार टक्के हलला तर हरकत नाही. अधिक १० च्या वर गेला तर न मोजलेली हवा शिरते आहे किंवा सेन्सर फसतो आहे. चेक इंजिनचा दिवा लागला तर कोड वाचा:

- पी०१७१: मिश्रण लीन. क्लॅम्प आणि लहान नळ्या आधी.
- पी०१०१: एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग जुळत नाही. व्यास, दिशा, तेल.
- पी०११३: तापमान सेन्सरचा प्लग बहुधा जोडायचाच राहिला.
- पी०२९९: टर्बोचा दाब कमी. टर्बोनंतरचा होज निसटला आहे का बघा.

कोड नुसता पुसून पुढे जाऊ नका.

आवाजावर मात्र विश्वास ठेवू नका. पेटी उघडी पडली की इंजिनाचा श्वास जोरात ऐकू येतो आणि गाडी पळते आहे असं वाटतं. थर्मामीटर काय म्हणतो ते बघा. चालत्या गाडीत फिल्टरपाशी बाहेरच्यापेक्षा ५ अंशांच्या आत तापमान असेल तर काम उत्तम झालं. सिग्नलला उभं असताना ते चढणारच. गाडी हलल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर टॉर्च घेऊन पुन्हा पायरी ५.

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नेणार असाल तर बॉनेट बंद ठेवून रन घ्यायला सांगा. उघड्या बॉनेटने आणि समोर पंखा लावून काढलेला आकडा रस्त्यावर कधीच भेटत नाही.

## १०. नंतरची देखभाल

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा; सिलिकॉन बसतं आणि थोडं ढिलं होतं. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर उघडून बघा, विशेषतः कच्च्या रस्त्यांचा भाग असेल तर. पहिल्या मोठ्या पावसानंतर पेटी उघडा, आणि गळतीच्या भोकात सायकलच्या स्पोकचा तुकडा घालून फिरवा. चिखल आणि पाला तिथेच अडकतो.